ठिगळ लावलेला कागद

"स्पीकर आडवा टाकू नकोस बाळ, उभा ठेव. आणि अधूनमधून त्याची कूस बदलत जा. एकाच अंगावर पडून राहिला की कागद आपल्याच वजनाने खाली ओढला जातो, आतली तारेची गुंडाळी घासायला लागते आणि मग आवाज फाटतो. बोट मात्र लावायचं नाही कागदाला. कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

सासऱ्यांचा हा जुना आवाज तिला मनात ऐकू आला तो दातांच्या दवाखान्यात. बाकावर बसल्या बसल्या, गालावर हात ठेवून ती आपल्या पाळीची वाट बघत होती. आतून यंत्राची बारीक घरघर येत होती. समोर काउंटरवर, कुंडीच्या शेजारी, एक दिवा होता. काळी लोखंडी चौकट, तिच्यात बशीसारखा खोलगट कागद आणि कागदाच्या मागून येणारा मधासारखा उजेड. छान आहे, असं तिच्या मनात आलं. अगदी तेवढंच आलं, आणि त्या छान आहेच्या पाठोपाठ ती बाकावरून पुढे वाकली. कारण कागदाच्या एका बाजूला, कडेला लागून, उजेड जरा मंद झाला होता. तिथे ठिगळ होतं. ठिगळाच्या पातळ कागदावर पेन्सिलीची तुटक तुटक वळणदार रेघ होती आणि रेघेवर दोन फुल्या. ब्लाउजच्या बाहीची गोलाई. रेघ तिच्या हातची होती. फुल्याही तिच्याच. मागून उजेड आला नसता तर त्या कधी कुणाला दिसल्या नसत्या, तिलासुद्धा नाही.

"छान आहे ना?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "जुन्या स्पीकरचा केलाय म्हणे. येणारा प्रत्येक जण विचारतो."

"हो. छान आहे," ती म्हणाली.

आत खुर्चीवर डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात कापूस कोंबला आणि सवयीच्या गोड आवाजात सांगितलं, "दुखलं तर हात वर करायचा हं, लगेच थांबेन मी." मग सुई देऊनही दुखलं. चांगलंच दुखलं. तिने हात वर केला नाही. दोन्ही हात मांडीखाली धरून ठेवले आणि वरच्या पांढऱ्या गोल दिव्याकडे डोळे उघडे ठेवून बघत राहिली. पाणी येईपर्यंत. "शूर आहात हो," बाई म्हणाल्या. तिला ते शब्द शिवीसारखे लागले. तिच्याबद्दल लोक नेहमी चांगलंच बोलतात. हीच तर सगळी पंचाईत होती.

बाबा, म्हणजे तिचे सासरे, जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले. रेडिओ गेले, दुकान गेलं, तरी स्पीकर राहिले. बंद पडलेल्या थेटरातून आणलेले परातीएवढे, शाळेच्या भिंतीवरून उतरवलेले, कुणाच्या माळ्यावर उंदरांच्या संगतीत सापडलेले. मागे जाडजूड लोहचुंबक, पुढे करड्या कागदाचा कर्णा. बाबा त्या कर्ण्याला नुसतं कागद म्हणत. मागच्या खोलीच्या फळ्यांवर ते ओळीने उभे असत, दाराकडे तोंड करून, आणि लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला वाटलं होतं की आपण आत आलो आणि सगळी खोली ऐकायची थांबली. बाबांना जुनं जपून ठेवायची हौस नव्हती, कामाला लावायची होती. "याला बसवून खायला घालायचं नाही," म्हणत ते एकेकाला नोकरीला लावत. एक दाराच्या चौकटीत बसवला. बाहेरचा माणूस बोलला की आत ऐकू येई. एक त्यांच्या मित्रासाठी. तो गवंडी होता आणि आयुष्यभर दगड फोडून ठार बहिरा झालेला. बाबांनी एक मोठा स्पीकर लाकडी फळीवर आवळला आणि गाणं लावलं. गवंडीकाका फळीवर तळहात टेकवून डोळे मिटून बसत आणि मध्येच मान हलवत. "बेसूर आहे रे तुझा गवई," असंही एकदा म्हणाले. बाबा इतके हसले की डोळे पुसावे लागले.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा सगळ्यात मोठी नोकरी निघाली. एकाच रेडिओतून निघालेली, एकाच चेहऱ्याची एक जोडी होती. त्यातला एक बाबांनी पलंगाच्या उशाशी लावला, दुसरा स्वयंपाकघरात, फडताळाच्या वर. मध्ये तार, खोक्याएवढं यंत्र, एक बटण आणि आवाज कमीजास्त करायची एक चावी. "बघ बाळ, हा नुसता बोलत नाही, ऐकतोही. जो कागद हलून आवाज करतो तोच आवाजाने हलतो. तिने तिकडे नुसतं खाकरलं तरी तुला इथे कळेल. तुला बोलायचं असेल तर बटण दाब." मग दिवसभर फडताळावरून सासूबाईंच्या फर्माइशी येत. "चहाला आज मुहूर्त आहे की नाही?" बाबा बटण दाबून गंभीरपणे सांगत, "भटजी आलेत, पंचांग बघताहेत." घरात आजारपण होतं, पण त्या दिवसांची आठवण हसरीच होती. सासूबाई गेल्या तरी बाबांनी ती जोडी काढली नाही. एकदा फडताळावरच्या स्पीकरची धूळ पुसताना तिला म्हणाले, "माझ्यामागे या सगळ्यांचं भंगार करू नकोस हं. ज्याला आवाज हवा असेल त्याला दे. पण मुका करायचा नाही कुणाला." ती म्हणाली, "हो बाबा." किती सहज म्हणाली होती. फोडणी करपू नये म्हणून कढईकडे बघत म्हणाली होती.

मग बाबाच त्या पलंगावर आले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी थोडी हलत, आणि घशातून एक आवाज निघे, ना हाक ना कण्हणं. बाकी सगळा श्वास. फडताळावरून तो श्वास आता स्वयंपाकघरात उतरत असे. आत येताना खरखर, बाहेर जाताना ओला घरंगळता उसासा, आणि मध्ये एक पोकळी, जिच्यात तिचा हात पोळपाटावर थांबे. तो पुन्हा सुरू झाला की लाटणंही सुरू होई. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार-कक्षात कामाला होती. दिवसभर कानाला फोन. नळ आला नाही, नळ थांबत नाही, गढूळ आहे, वास मारतो, तुम्ही माणसं आहात का कोण आहात. ती कुणावर कधी आवाज चढवत नसे. "तुमचं म्हणणं ऐकून घेतलंय," हे वाक्य ती इतक्या मऊपणे म्हणे की नवीन लागलेल्यांना ते शिकायला तिच्याजवळ बसवत. आणि दुपारचं जेवण ती मौनाने जेवायची. लग्नाआधीपासूनचं व्रत. घास घेताना बोलायचं नाही, मनात देवाचं नाव घ्यायचं. कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. "बाई मौनात आहेत रे, जग बुडालं तर जेवणानंतर कळवा," असं कुणीतरी म्हणे आणि ती डब्यावर मान खाली घालून हसे.

तो रविवार होता. नवरा बाहेर गेला होता. बाबांना भरवून, पुसून, कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून ती स्वयंपाकघरात आली आणि ताट वाढून खाली बसली. फडताळावरून श्वास येत होता. खरखर, पोकळी, उसासा. पहिला घास हातात घेऊन ती नावावर मन लावायला गेली आणि नाव त्या श्वासाच्या तालात पडायला लागलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. आपण मौनात आहोत, तर शांतता हवी, असं तिच्या मनाने तिला अतिशय समजूतदारपणे सांगितलं. ती उठली, हात लांब केला आणि चावी फिरवली. टक् झालं. आणि मग जी शांतता पसरली ती तिने चाटून पुसून खाल्ली. तिला दुसरा शब्द सुचत नाही. एकेक घास चावून, ताटातली मिठाची कणीही बोटाने टिपून. इतकं गोड जेवण ती कित्येक दिवसांत जेवली नव्हती. ताट घासून पालथं घातलं, ओटा पुसला, तोही सावकाश, मगच चावी पुन्हा फिरवली. श्वास होता तसाच होता. खरखर, पोकळी, उसासा. काही झालं नव्हतं. आणि त्या श्वासात, अधूनमधून, एक नवीन आवाज. खर्र. खर्र.

ती खोलीत गेली. खिडकीचा पडदा वाऱ्याने दांडीवरून एका टोकाला सरकला होता आणि दुपारचं ऊन सरळ बाबांच्या तोंडावर पडलं होतं. तिनेच त्यांना त्या कुशीवर वळवलं होतं. मान फिरवायची ताकद त्यांच्यात नव्हती. डोळे मिटलेले, तरी पापण्यांतून पाणी वाहून उशी भिजलेली. गाल तव्यासारखा. आणि डावा हात डोक्यामागे, कसा तिथवर नेला असेल कोण जाणे, उशाच्या स्पीकरवर. बोटं कागदावर. कागदाला कुणीच बोट लावायचं नाही म्हणणारे बाबा नखाने कागद खरवडत होते. तिथे तो फाटला होता.

तिने पडदा ओढला. ओला पंचा तोंडावरून फिरवला. "ऊन आलं होतं का हो बाबा," असं काहीतरी ती बोलत राहिली, तक्रार-कक्षातल्या त्याच मऊ आवाजात. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. त्या पाहण्यात राग होता की नव्हता, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढे कधीही कळणार नव्हतं. स्वयंपाकघरातली ती चावी त्यांनी स्वतः बसवली होती. ती फिरवली की उशाच्या स्पीकरमध्ये किंचित टक् होतं, हे त्यांना माहीत असणारच. तिने त्यांना फार काळजीने दुसऱ्या कुशीवर वळवलं. संध्याकाळी शिवणाच्या कागदाचा, बाही बेतून उरलेला तुकडा घेऊन, खळ लावून, तिने ते फाटलेलं सांधलं. बाबा बघत होते.

त्यानंतर ते बरेच दिवस होते. गेले ते झोपेत, शांतपणे. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "पाठीला एक जखम होऊ दिली नाही हो पोरीने. पोटच्या मुलीने केलं नसतं इतकं." नवरा मान हलवत होता, त्याचे डोळे भरून येत होते. ती चहाचे कप उचलत होती. खरंच होतं ते. एकही जखम नव्हती पाठीला. ती कूस बदलायला कधी चुकली नव्हती.

त्या भेटायला येणाऱ्यांतच बाबांची धाकटी बहीण होती, घरातल्या सगळ्यांची आत्या. गुडघे गेलेले, मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर तिची खोली. "दादाने वहिनीला लावून दिलं होतं ना, तसं मला लावून दे गं," तिचा हात धरून आत्या म्हणाली. "मी वरून हाका मारते, खाली टीव्हीपुढे कुणाला ऐकू जात नाही. काठी आपटते, तर म्हणतात म्हातारी नाचतेय." स्वतःच्याच विनोदावर आत्या इतक्या दुःखातही खुदकन हसली. "जोडी आहे ना अजून?"

"आहे ना आत्या. लावते मी," ती म्हणाली.

आणि मग, काही आठवड्यांनी, नवऱ्याने विचारलं की मागच्या खोलीतल्या त्या सगळ्याचं काय करायचं. एक जण आहे, जुन्या वस्तूंचे दिवे बनवतो, न्यायला तयार आहे. "बाबांना आवडलं असतं, नाही? काहीतरी उपयोग होतोय म्हणजे," तो जरा घाबरतच म्हणाला. ती नाही म्हणू शकली असती. तिने एका शब्दाने सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. तो तसा माणूस होता. तिने खोकी आणली. आणि ती भरता भरता पलंगाजवळ गेली, उशाचा स्पीकर स्क्रू काढून उतरवला आणि सगळ्यांच्या मध्ये, खालच्या बाजूला, आडवा ठेवून दिला. ठिगळ खाली. घरातून गेला म्हणजे गेला, असं तिला वाटलं. आत्याचे फोन येत राहिले. "घाई नाही गं, मी कुठे पळतेय?" ती म्हणे, "बघते आत्या, या रविवारी." दर वेळी खरंच तसंच मनात असे, आणि दर वेळी फडताळावरच्या एकट्या उरलेल्या तोंडाकडे बघून ते मनातच राहून जाई.

दवाखान्यातून परतताना, अर्धा जबडा बधिर, ती घराच्या वाटेने वळली नाही. दिवेवाल्याची जागा नवऱ्याने सांगितलेली तिला आठवत होती, लाकडाच्या वखारीमागे. तो तिशीतला, गळ्यात चश्मा अडकवलेला, बोलका माणूस होता. "अहो काकू, तुमच्या घरचा माल म्हणजे सोनं! असा कागद आता मिळत नाही. उजेड काय सुंदर गाळतो!" भिंतीशी मांडणीवर न कापलेले स्पीकर उताणे रचलेले होते, एकावर एक, भांडीवाल्याकडच्या पराती असाव्यात तसे. टेबलावर एक अर्धवट झालेला होता, चुंबक काढलेला, मधला गाभा कापून भोक पाडलेलं. तिने तिकडे पाहिलं नाही. मांडणीजवळ गेली आणि न विचारता एकेक उचलून उभा करायला लागली.

"हे काय करताय?"

"उभे ठेवायचे असतात."

"कापायचेच आहेत की काकू. उभे काय नि आडवे काय!" तो हसला, पण मग तोही उठून तिच्याबरोबर उभे करू लागला, कदाचित नुसतं बघत राहणं बरं दिसेना म्हणून.

"मला यातला एक हवाय," ती म्हणाली. जिभेला अजून मुंग्या होत्या, शब्द जड येत होते.

"दिवा करून देऊ? लगेच देतो."

"दिवा नको. ऐकायला हवाय."

तो थबकला. "चालतात अजून? खरं सांगू का, मी आजवर यातल्या एकाचाही आवाज ऐकला नाही."

तिने त्याच्याकडे एक सेल मागितला आणि बाबा करत तसा, दोन तारांनी, मधल्या आकाराच्या एका स्पीकरला क्षणभर टेकवला. कागद दचकून पुढे आला. ठक्. दिवेवाल्याने हात मागे घेतला. "अरे! जिवंत आहे की हा!" आणि हसता हसता त्याची नजर टेबलावरच्या कापलेल्यावर गेली. तो म्हणाला, "मग आता बाकीच्यांचं काय करू?" मुका करायचा नाही कुणाला, हे तिला सांगितलं होतं, त्याला नव्हे. ती पिशवीत स्पीकर ठेवत राहिली.

"दातांच्या दवाखान्यात एक दिलाय तुम्ही," दाराशी जाऊन ती म्हणाली. "ठिगळवाला."

"हो हो! डॉक्टरांनी मुद्दाम तोच निवडला. ठिगळामुळे मजा येते म्हणाल्या. परत हवाय का? बोलतो मी त्यांच्याशी."

तो परत येऊन काय करणार होता? त्याचाही गाभा कापलेला असणार. "नको. राहू दे तिथे," ती म्हणाली, आणि मग जे विचारायला ती आली होती असं तिला विचारतानाच कळलं ते विचारलं, "दवाखाना बंद करताना दिवा बंद करतात ना? सारखा उजेड नाही ना राहत त्याच्यावर?"

"करत असतील की," दिवेवाला गोंधळून म्हणाला.

रविवारी दुपारी तिने तार जोडली. स्वयंपाकघरातला जुना होताच. आणलेला बाबांच्या पलंगाच्या उशाशी, जुन्या स्क्रूंच्या भोकांवर. नीट चालतो का हे घरीच बघून मग आत्याकडे न्यायचा होता. "अहो, तिथे जाऊन जरा पडा," तिने नवऱ्याला सांगितलं.

"पडू? वा, असं काम रोज सांगत जा," म्हणत तो पलंगावर आडवा झाला. "बोलू काय पण?"

"काही नका बोलू. नुसते पडून राहा."

तिने ताट वाढून घेतलं आणि खाली बसली. चावी फिरवली, पूर्ण. फडताळावरून आधी खरखर आली, मग श्वास. तरण्या माणसाचा, निरोगी, थोडा झोपाळलेला. तरी त्यात कुठेतरी, वळणावर, बापाचा श्वास होता. तिने घास घेतला. नाव त्या श्वासाच्या तालात पडायला लागलं आणि तिने ते पडू दिलं. असेच किती घास गेले, ते तिने मोजले नाहीत.

"अगं, ऐकू येतंय का?" नवऱ्याचा आवाज आला, जरासा फाटका, लांबून आल्यासारखा. "या उशीवर भलतंच ऊन येतं गं या वेळी. सरळ डोळ्यांत. मला माहीतच नव्हतं."

तिचा हात ताटात थांबला. तोंडात घास होता. तो तिने गिळला, पाणी प्यायली आणि उठली. इतक्या वर्षांत एकदाही जेवणात न बोललेली ती, बटणावर अंगठा ठेवून उभी राहिली. मग दाबलं.

"हो," ती म्हणाली. "येतं तिथे ऊन. मला माहीत आहे."

बटण सोडलं तेव्हा नुसता श्वास होता, आणि मग पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज. त्याने स्वतःच ओढला. त्याला काय कळलं आणि काय नाही, हे तिने विचारलं नाही. उरलेलं जेवली, ताट घासलं. स्टुलावर चढून फडताळावरचा स्पीकर उतरवला; त्याच्यामागे भिंतीवर रंग न लागलेलं एक फिकट वर्तुळ निघालं. उशाचा उतरवायला गेली तर नवरा स्क्रू काढून, तळहातांवर धरून, कागदाला बोट न लावता, तिचीच वाट बघत बसला होता.

"आत्याकडे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मी येऊ?"

"नको. मला जरा थांबावं लागेल तिथे. तिला सवय होईपर्यंत."

दोन्ही स्पीकर तिने पिशवीत पाठीला पाठ लावून उभे ठेवले, मध्ये जुनी चादर घडी करून, बाजूला तार, बटण आणि यंत्र. जिना उतरताना पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चुंबकं जड होती, पण खाली टेकवली नाही. फोन करून येतेय म्हणून सांगावं असं रस्त्यावर आल्यावर तिच्या मनात आलं. मग तिने ठरवलं, नको. आधी वर जायचं, उशाशी लावायचा, मग खाली टीव्हीपुढे जाऊन बसायचं आणि आत्याच्या पहिल्या हाकेची वाट बघायची.